पणजोबांचं काशाचं पदक

पदकाच्या धातूवरून आमच्या घरात भांडण झालं आणि त्या भांडणातून ही सगळी शोधाशोध निघाली.

पदक पणजोबांचं. एका बाजूला पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि एक कवटी, शिवाय १९१४ आणि १९१८ हे आकडे. आजी दर खंडेनवमीला ते चिंचेनं लख्ख घासून विळ्या-कोयत्यांच्या ओळीत मांडायची आणि सांगायची, "मामंजी बसऱ्याला लढले." आमच्या घराण्याचा लेखी-तोंडी इतिहास एवढाच. आजी गेल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, पदकाला फ्रेम करायची ठरवली आणि ते साताऱ्याला सोनाराकडे नेलं. आमचा जिल्हा फौजी. तिथल्या सोनारांच्या हाताखालून अशी पदकं पुष्कळ गेलेली. त्यानं हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "हे चांदीचं नाही. असलं पदक चांदीचं असतं."

झालं! आप्पांची खात्रीच पटली की वाटणीच्या वेळी कुणीतरी खरं पदक काढून त्याजागी खोटं ठेवलं. 'कुणीतरी' म्हणजे कोण हे न सांगता सगळ्यांना कळलं आणि दोन घरांचं जाणंयेणं बंद पडलं.

मी नर्स आहे. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरपर्यंतचा. पण चोरीचा आळ घरातल्याच माणसावर, म्हणून मी पदकाचे फोटो काढून पुण्यातल्या एका संग्राहकांना पाठवले. जुनी नाणी-पदकं जमवणारे निवृत्त गृहस्थ. त्यांचं उत्तर संध्याकाळीच आलं. पदक अगदी अस्सल आहे, ताई. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. चांदीतली साधारण ६५ लाख निघाली, काशातली जेमतेम १ लाख १० हजार. काशाची पदकं मजूर तुकड्यांना आणि हिंदुस्थानी फौजेतल्या फॉलोअर लोकांना, म्हणजे फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या कामकऱ्यांना, दिली. शिपायाला चांदी, फॉलोअरला कासं. "आता कड वाचा," असं शेवटी लिहिलं होतं.

पदकाच्या कडेवर ज्याला दिलं त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वाचायची रीत अशी: अंधारात टॉर्च तिरपा धरायचा म्हणजे अक्षरांची सावली पडते. नाहीतर कडेवर पातळ कागद घट्ट गुंडाळून पेन्सिल आडवी फिरवायची. मी दोन्ही केलं. आजीच्या चिंचेनं नंबराचे बरेचसे आकडे खाऊन टाकले होते. नावाचं साहेबी स्पेलिंगमध्ये पार भजं झालेलं, तरी ओळखू येत होतं. नावाआधी हुद्दा 'बेअरर'. नावापुढे 'ए. बी. कोअर'.

आर्मी बेअरर कोअर. म्हणजे डोलीवाले आणि स्ट्रेचरवाले, रणातून जखमी उचलून आणणारी माणसं.

आम्ही भोई. पालख्या-मेणे वाहणं आणि नदीत जाळं टाकणं हाच आमचा पिढीजात धंदा. त्यामुळे मला ते वाचल्यावर आश्चर्य वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. सगळं जागच्या जागी बसलं. आप्पांचं मात्र तसं झालं नाही. ते बराच वेळ कागदावरचं पेन्सिलीचं काळं बघत राहिले. "म्हणजे लढले नाहीत ते?" आणि थोड्या वेळानं, "हे बाहेर बोलू नकोस." आप्पा आमच्या घरातले पहिले कारकून. खांद्यावरचं ओझं घरातून काढायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं. त्यांना बसऱ्याचा शिपाई हवा होता, आणि मी भोईच परत आणून दिला. मी वाद घातला नाही. मधल्या काकांची चोरीतून सुटका झाली, तेवढं त्या दिवसापुरतं पुष्कळ होतं.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मी रोज पेशंट उचलते. मांडीचं हाड मोडलेला माणूस खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचा तर किती हात लागतात आणि तो कसा ओरडतो, मला ठाऊक आहे. हे काम तोफांच्या माऱ्यात कसं करत असतील?

पहिला प्रयत्न सगळेच करतात तो: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकणं. पणजोबा परत आले होते आणि ती यादी मेलेल्यांची, तेव्हा ते तिथे सापडणार नव्हतेच. मला त्यांच्या सोबतचे बघायचे होते. तिथे पलटणीच्या नावानं शोधता येतं. आर्मी बेअरर कोअर टाकलं आणि नावांची रांग लागली. काहींच्या पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. काहींच्या पुढे नुसतं एक नाव, आडनावही नाही. मराठा पलटणींची पानं उघडली तर सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशी ओळखीची गावं धडाधड येत गेली. गावांची स्पेलिंगं वाचायची तर मोठ्यानं उच्चारून बघावी लागतात, तेव्हा कळतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले हे आमच्याकडे सगळे सांगतात. त्या गावाचं नावच 'मिलिटरी' झालं. आम्ही मात्र कुणाच्याच सांगण्यात नव्हतो.

त्याच संकेतस्थळावर इराकमधल्या बसरा स्मारकाची माहिती वाचली. ४० हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली, हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांची आणि फॉलोअरांची पलटणीखाली नुसती संख्या. टायग्रिसकाठी अमाऱ्याला त्या काळात मोठी लष्करी इस्पितळं होती. तिथल्या डाव्या तीरावरच्या हिंदी दफनभूमीत सुमारे पाच हजार माणसं आहेत आणि त्यांतली ओळख पटलेली फक्त ९. दफनाच्या नीट नोंदीच ठेवल्या गेल्या नव्हत्या. इस्पितळाशेजारची दफनभूमी ही! म्हणजे यांतले कितीतरी जण वॉर्डात दाखल होते, त्यांच्या खाटेला नंबर असणार, ताप लिहिलेला असणार. आमच्याकडे एखादा बेवारस पेशंट गेला तरी पोलिसांपासून शवागारापर्यंत किती कागद होतात ते मी बघते, म्हणून हे वाचून मला दुःखाआधी संताप आला. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी समितीचा अहवाल छापून कबूल केलं की किमान १ लाख १६ हजार माणसांची, मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रणांगणांवरची, नावानिशी किंवा मुळातच आठवण ठेवली गेली नाही.

मग सरकारी वाट धरून पाहिली. एका अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं, पदकाचे फोटो जोडले. बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की त्या काळातल्या फॉलोअर वर्गाच्या नोंदी उपलब्ध नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेन्शन चालू आहे का?" शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची! मी नाही म्हटलं, तर त्यानं पुढचा नंबर पुकारला. या भागाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

संग्राहकांनी मग वेगळा सल्ला दिला. माणूस सापडत नसेल तर त्याचं काम शोधा. बसऱ्याकडच्या त्या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला आणि आता तो इंटरनेटवर स्कॅन केलेला मिळतो. इंग्रजी जुनं आणि जड. रात्रपाळीत, वॉर्ड शांत असला की मी तो मोबाइलवर थोडा थोडा वाचत गेले.

आधी मला जे माहीत नव्हतं ते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदुस्थानातून गेलेली माणसं पाच लाख ऐंशी हजारांच्या वर. त्यांत लढणारे आणि न लढणारे जवळजवळ निम्मे निम्मे. न लढणारे म्हणजे खेचरवाले, पाणक्ये, आचारी, धोबी, भंगी, हमाल, डोलीवाले. मोहीम सुरू केली ती हिंदुस्थान सरकारनं, आणि खर्चात हात आखडून. आधी बसरा घेतलं, मग हाव सुटली आणि सगळे टायग्रिस नदीनं वर वर बगदादच्या दिशेनं निघाले. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. जे काही न्यायचं-आणायचं ते नदीतल्या बोटींनी, आणि बोटी पुरेशा नव्हत्या.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. पुढे होती ती सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. साडेतीन हजारांवर जखमी झाले, आणि त्यांना उचलायला पुरेशा डोल्या, स्ट्रेचर आणि माणसं नव्हती. म्हणून मग ए. टी. कार्ट. हा शब्द अहवालात पानोपानी येतो. दोन खेचरांची, दोन चाकांची, लोखंडी सांगाड्याची मालगाडी. तिला स्प्रिंग नाही. मोडलेली हाडं, पोटात गोळी लागलेली माणसं या गाड्यांत घालून नऊ-दहा मैल नदीपर्यंत नेली. काही जखमी गाडीतून खाली उतरून रांगत गेले. त्यांना ते बरं वाटलं.

इथे आजीची एक गोष्ट सांगते. आजी म्हणायची, मामंजी आजारी माणसाला बैलगाडीत घालू द्यायचे नाहीत. गावात कुणी बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, तर बाजेला दोऱ्या बांधून चौघं खांद्यावर न्यायचे, आणि पुढच्या दांडीला म्हातारपणीसुद्धा हेच. लोक म्हणायचे भोयाची खोड. आता मी त्या गोष्टीत ए. टी. कार्ट बघते. अर्थ मी मागाहून भरतेय असा संशय मलाच येतो, कारण तेव्हाच्या आमच्या रस्त्यावर बैलगाडीत कोणताही शहाणा माणूस पेशंट घालणार नाही.

नदीपाशी बोटी आणि बोटींना जोडलेले लोखंडी पडाव. याच पडावांतून वर जाताना जनावरं नेलेली, शेण तसंच. त्यावर माणसं झोपवली. वर छप्पर नाही, पाऊस पडतोय. बसऱ्यापर्यंत पोचायला जवळजवळ दोन आठवडे लागले. बसऱ्याला 'वरेला' या इस्पितळ-जहाजावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर होते. त्यांनी चौकशी कमिशनपुढे सांगितलं की 'मेजिदिये' ही बोट येताना त्यांना तिच्या बाजूंनी दोर लोंबताना दिसले. बोट जवळ आली तेव्हा समजलं की ते दोर नव्हते. माणसांची विष्ठा वाळून लोंबत होती. हगवणीनं बेजार, हाडं मोडलेली माणसं; कठड्यापर्यंत जाणार कशी? ज्यांना जाता आलं त्यांनी तिथून खाली केलं, बाकीचे पडल्या जागी.

ते पान वाचून मी फोन ठेवला आणि वॉर्डात फेरी मारून आले. मला घाण नवीन नाही. पण माझ्या हाताशी बेडपॅन असतं, मॅकिंटॉश, म्हणजे खाटेवर घालायचं रबरी कापड, असतं, मामा-मावशी असतात. मला छळत राहिलं ते दुसरंच: मोडलेल्या मांड्यांना आधार म्हणून काय बांधलं होतं? कार्टर सांगतात, व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या आणि भुशाच्या गठ्ठ्यांची तार. कुणीतरी ती खोकी फोडली, फळ्या मापानं मोडल्या, तार पिळली. ते हात डॉक्टरांचेच असतील असं नाही. इतक्या जखमींना डॉक्टर होतेच किती! माझ्या मते त्यांतले पुष्कळ हात बेअररांचे.

आणि सेनापती निक्सन यांच्याकडून सरकारला तार काय गेली? जखमींची स्थिती समाधानकारक, वैद्यकीय व्यवस्था उत्तम. कार्टर तक्रार करत राहिले तर वरिष्ठांनी त्यांनाच लुडबुड्या ठरवलं, अटकेची आणि जहाज काढून घेण्याची धमकी दिली. हे वाचताना मी हसले. खालच्यानं वर काही कळवलं की काय होतं, हे शिकायला मला १९१५ पर्यंत जावं लागत नाही. अहवाल बाहेर आल्यावर मात्र लंडनमध्ये गदारोळ झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफॉनहून मागे हटलेली फौज कुट-अल-अमारा गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. हा वेढा इतिहासात गाजलेला आहे, म्हणून मी त्यातलं एकच सांगते, जे मला नर्स म्हणून लागलं. आत अन्न संपत आलं तेव्हा घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्ली. आपल्या लोकांनी धर्म जाईल म्हणून कितीतरी आठवडे नाकारली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली तरी बऱ्याच जणांनी शेवटच्या महिन्यापर्यंत तोंडाला लावलं नाही. परिणाम असा की पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. कोंड्यासकटचा आटा खाणाऱ्या आपल्या शिपायांना तो झाला नाही, पण ताजी भाजी नाही आणि मांसही नाही म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. एकाच वेढ्यात दोन रसोड्यांचे दोन रोग. त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक यांनी प्रयोग करून दाखवलं की कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्ही रोखण्याचा गुण त्याला मोड आणले की येतो. मटकी भिजवायची अक्कल पलटणीतल्या प्रत्येकाच्या आईला होती! वेढ्यात मटकीचीच चणचण असेल तो भाग वेगळा. शरण गेल्यावर सुमारे ९,३०० हिंदी माणसं कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेली. त्यांतली अडीच हजार मेली.

वेढा फोडायला खालून दुसरी फौज निघाली होती, तिची दशा आणखी वाईट. मेरठ डिव्हिजनच्या फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे रणावरची वैद्यकीय पथकं, पोचायच्या आतच तिला लढाईत ढकललं. २१ जानेवारी १९१६ ला हन्नाला हल्ला फसला. रात्रभर पाऊस, गोठवणारं वारं, चिखलात पडलेले जखमी. कितीतरी जण जखमेनं नाही तर थंडीनं गेले. ४१व्या डोग्रा पलटणीचा लान्स नाईक लाला यानं त्या दिवशी शत्रूपासून हाकेच्या अंतरावर पडलेल्या अधिकाऱ्याला आडोसा केला, ऊब राहावी म्हणून स्वतःचे कपडे काढून त्याच्यावर घातले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, आणि मिळायलाच हवा होता.

फेब्रुवारी १९१६ मध्ये लंडनच्या वॉर ऑफिसनं सूत्रं हातात घेतली, मग परिस्थिती हळूहळू सुधारली. इस्पितळ-बोटी, मोटार ॲम्ब्युलन्स, बर्फाचे कारखाने, भाजीपाला. उन्हाळ्यात पारा १२० अंश फॅरनहाइटच्या वर, कॉलरा, हगवण, मलेरिया हे मात्र चालूच होतं. बगदाद घेणारे जनरल मॉड हे स्वतः कॉलऱ्यानं गेले. पणजोबा यांतल्या कुठल्या वर्षी तिथे होते ते पदक सांगत नाही. त्यांना म्हातारपणापर्यंत थंडीताप उलटायचा आणि उजव्या खांद्याला लिंबाएवढा घट्टा होता, एवढं आजीकडून आलेलं.

आप्पांना मी अहवाल वाचून दाखवला नाही. त्यांना मी नामदेव जाधवांची गोष्ट विचारली, कारण ती त्यांना पाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायानं जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून खांद्यावर घालून पलीकडे नेलं आणि मग परत जाऊन शत्रूची ठाणी घेतली. व्हिक्टोरिया क्रॉस. आप्पांनी रंगवून सांगितलं. मी म्हटलं, "आप्पा, यातलं पहिलं अर्धं काम पणजोबांचं रोजचं होतं. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, एवढाच फरक."

आप्पा म्हणाले, "तू नर्स आहेस म्हणून तुला तसं वाटतं." असेलही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या काकांना फोन केला. पदकाबद्दल चकार शब्द नाही. उसाच्या पाळीबद्दल बोलले. फ्रेमखाली काय लिहायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही. त्यांना 'मेसोपोटेमिया मोहीम' पुरे वाटतं, मला 'बेअरर' हा शब्द हवा आहे.

तुमच्या घरी असं पदक असेल तर ते घासू नका. चिंच, पितांबरी, काहीच नको. धातूवरून कुणावर आळ घेऊ नका. कडेचे फोटो चारी बाजूंनी, तिरप्या उजेडात काढा. माणूस युद्धात मेला असेल तर वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आधी नंबर टाकून बघा, मग पलटण, आणि नाव सगळ्यात शेवटी. नावांवर भरवसा ठेवाल तर आपलाच माणूस समोर असून ओळखणार नाही.